जगनचा डावा गाल

तुमचं लेकरू आज बाजारात हात सोडून गेलं, तर चौकीवर कुठला फोटो घेऊन जाल?

उठा, काढा तो अल्बम. बारशाचा आहे, त्यात तोंड कुंचीत बुडालंय. वाढदिवसाचा आहे, त्यात फुंकर मारताना डोळे मिटलेत. मग तो स्टुडिओतला. तो सगळ्यांत झकास. लेकरू मूळ रंगापेक्षा कितीतरी उजळ, केस चापूनचोपून बसवलेले, मागे पडद्यावर रंगवलेलं तळं आणि तळ्यात हंस. तुमच्या खानदानात कोणी हंस पाहिलेला नाही, तरी तुम्ही तोच फोटो उचलणार. मालूनेही तोच उचलला होता.

मालू कळव्याची. खाडीला लागून कोळीवाडा आहे, तिथली सून. नवरा धाकू खाडीत होडी घालायचा आणि ती पाटी डोक्यावर घेऊन ठाण्याला वर्तकनगरच्या कॉलन्यांत फिरायची. निवट्या, चिंबोऱ्या, बोय, जे हाती लागेल ते. आवाज असा की तिने खाली अंगणात हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरची मांजरं जागी व्हायची. कोणी मासा नाकाशी नेऊन तोंड वाकडं केलं तर म्हणायची, "ताई, मासळीला मासळीचाच वास येनार. मोगरा पायजे तर फुलवालीकडं जा." कोणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे लोक तिला बिचारी म्हणायला लागले, आणि तो शब्द तिच्या अंगाला कधीच बसला नाही.

तिची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरा जगन पोटात असताना सासूने, रखमाबाईने, कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलला. पोर जगू दे आई, पाच वर्षं त्याच्या डोक्याला कात्री लावणार नाही, जावळ तुझ्याच पायरीशी काढू. पोर जगलं. केस वाढले, कमरेला टेकले. रोज सकाळी मालू त्याला पुढ्यात धरून दोन वेण्या घालायची आणि तो वेण्या उडवत चिखलात निवट्यांच्या मागे पळायचा. वाड्यातली पोरं त्याला जगनबाई म्हणायची. म्हणणाऱ्याच्या तोंडावर चिखलाचा गोळा बसायचा. नेम आईच्या जिभेसारखा, चुकत नसे.

त्याच्या डाव्या गालावर डाग होता. रांगत होता तेव्हा चुलीपाशी गेला आणि तापलेला उलथणा गालाला चिकटला. चिंचोक्याएवढा काळा डाग राहिला, कानाकडे निमुळता होत गेलेला. मालू तेव्हा घरातच होती, पाठमोरी, पीठ मळत. "आई काय करत होती गं?" हा प्रश्न वाड्यातल्या बायकांना वर्षभर पुरला. मालू सगळ्यांना उलट बोलली, एकीलाही सोडलं नाही. पण पोराचं तोंड धुताना तिचं बोट त्या डागावरून फिरायचं तेव्हा ती गप्प व्हायची.

साल त्र्याऐंशी. चैत्र आला, जगनची पाच वर्षं भरली. आता जावळ. जावळ काढायच्या आधी फोटो काढायचा, ही आपल्याकडची रीत. मुलगा असला तरी केस आहेत तोवर मुलीचा साज करायचा. परकर-पोलकं, कपाळाला चंद्रकोर, वेणीवर गजरा, कानात डूल, ओठाला लाली. पुढे त्याच्या लग्नात तो फोटो त्याच्या बायकोला दाखवून हसायचं. तुम्हीही काढला असेल, नसेल तर तुमच्या शेजाऱ्यांनी काढला असेल.

कळव्याच्या नाक्यावर पंढरीचा फोटो स्टुडिओ होता. पंढरी केसांना कलप लावायचा आणि कानावर पेन्सिल ठेवायचा. त्या पेन्सिलीवर त्याचा भारी माज. फोटो छापायच्या आधी तो निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवायचा. त्या पेन्सिलीने देवीचे वण जायचे, वांग जायचे, लग्नाच्या मुलीचं वयसुद्धा जायचं. ठाण्याहून लोक यायचे त्याच्याकडे.

त्याने जगनला स्टुलावर बसवलं, हनुवटी धरून तोंड इकडे-तिकडे केलं. "डाग ठेवायचा का, वहिनी?"

"घालव," मालू म्हणाली. "बघनाऱ्याला वाटलं पायजे, कुना सायबाचा पोर हाय."

"साहेबाचाच करतो. तुम्ही बघाच."

रखमाबाईने नातवाकडे पाहिलं. एवढं साजरं लेकरू, दृष्ट लागायची. तिने काजळात बोट बुडवलं आणि उजव्या गालावर चांगली दाबून तीट लावली. जगन म्हणाला, "मना भूक लागलीय." तेवढ्यात दिवा लागला.

फोटो आला. डावा गाल लोण्यासारखा, डागाचा मागमूस नाही. उजव्या गालावर तीट. डोळ्यांत काजळ, मागे तळं, तळ्यात हंस. वाड्यातल्या बाया बघायला आल्या आणि कोणालाच विचारायला काही उरलं नाही. मालूने तो फ्रेम करून भिंतीला लावला. मग सगळे कार्ल्याला जाऊन आले. जावळ निघालं. परतीच्या वाटेवर जगन सारखा मानेवर हात फिरवून वेण्या शोधत होता.

त्यानंतर त्याचा फोटो काढला नाही. कशाला काढणार? एक होता की.

त्याच वर्षी नवरात्रात कल्याणला दुर्गाडीच्या जत्रेला गेली सगळी. मालू ओटी भरायला रांगेत उभी राहिली. धाकूने जगनचा हात धरला होता. जगनला भिंगरी पाहिजे होती. धाकूने भिंगरी निवडली, पैसे काढायला हात कनवटीला घातला. ज्या हातात पोर होतं तोच हात. भिंगरी घेऊन वळला तेव्हा पोर नव्हतं. एवढंच झालं. याहून मोठं काही व्हावं लागत नाही.

मालू गडावर ओरडली, गडाखाली ओरडली, खाडीच्या काठाने ओरडत फिरली. दुसऱ्या दिवशी चौकीवर गेली तेव्हा तिचा तो प्रसिद्ध आवाज बसला होता. घशातून नुसता वारा येत होता. भिंतीवरची फ्रेम तिने काखेत आणली होती.

हवालदाराने फ्रेम उजेडाकडे धरली. "मुलगा म्हणालात ना?"

"पोऱ्याच हाय," मालू त्या वाऱ्यानेच कशीबशी म्हणाली.

"हा?"

"जावळाचा फोटो हाय तो. चैतात केस कापले."

"मग कापल्यानंतरचा द्या."

"नाय."

"नाही म्हणजे?"

"नाय म्हंजे नाय. आमच्या घरी काय क्यामेरा हाय?"

हवालदार शेजारच्याकडे बघून हसला. वाईट माणूस नव्हता, हसू आलं म्हणून हसला. "बाई, तुम्हीच सांगा, हा फोटो बघून लोक कोणाला शोधतील?" असं म्हणत त्याने वर्णन लिहायला घेतलं. रंग गोरा. फोटोत गोराच होता. गालावर काळा डाग. "डाग उजव्या गालावर ना?" त्याने फोटोकडे बघत विचारलं. धाकूने मान हलवली. त्या दिवशी धाकू कोणी काहीही विचारलं तरी मान हलवत होता. मालू तोवर बाकावर जाऊन बसली होती, तोंडात पदराचा बोळा घालून.

चौकीने फोटोची नक्कल काढून घेतली आणि मग सुरू झालं ते भटकणं. मालूने फ्रेम फोडून फोटो बाहेर काढला, पिशवीत घातला आणि निघाली. कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण. टांगेवाले, केळेवाले, भिकारी, हमाल. उरलासुरला आवाजही गेला होता, म्हणून बोलायचीच नाही. नुसता फोटो पुढे करायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायची. समोरचा म्हणायचा, "नाही बाई, अशी मुलगी नाही दिसली." ती हाताने खुणा करायची, केस कापल्याच्या, पोरगा असल्याच्या. लोकांना वाटायचं, बाईचं डोकं फिरलंय.

आंबिवलीला स्टेशनाबाहेर विमलाबाई म्हणून एक बाई भजी तळायची. पुढे बाकडं, मागे गोणपाटाचा आडोसा. मालूने तिच्यापुढे फोटो धरला. विमलाबाईने झारा थांबवला, नीट बघितलं, हळहळली. "गोड पोर आहे गं. नाही दिसली पण. बस जरा, पाणी पी." मालू इतकी दमली होती की खुणा करायच्याही राहिल्या, ती नुसती पाणी प्यायली. बाकड्यावर बसून प्यायली. हे लक्षात ठेवा.

पुढच्या आठवड्यात ती पाटी घेऊन वर्तकनगरला गेली. घरात चूल पेटायला हवीच होती. एका गिऱ्हाइकाकडे टीव्ही लागलेला. आतून हाक आली, "मालू, ये, तुझा जगन दाखवतायत." ती उंबऱ्यात उभी राहिली. लहानशा काचेवर तिचं पोर होतं, गजरा माळलेलं. आणि निवेदिका सांगत होती, उजव्या गालावर काळा डाग.

"डावा," मालू म्हणाली. घशातून आवाज फुटेना. "डावा गं. उजव्याला तीट हाय. ती पुसून गेली, कवाच पुसून गेली."

"मालू, तिला ऐकू जात नाही गं आतून," घरातली बाई म्हणाली. तोवर पडद्यावर दुसऱ्याच कोणाचे तरी हरवलेले आजोबा आले होते.

त्यानंतर डोंबिवलीहून निरोप आला. तुमचं मूल सापडलं, फोटोशी हुबेहूब जुळतं, घेऊन जा. मालू आणि धाकू जे होते त्याच कपड्यांत धावले. वाटेत धाकूने कधी नव्हे ते नारळ बोलला. चौकीत बाकावर पाय हलवत एक मुलगी बसली होती. फ्रॉक, दोन वेण्या, लाल रिबिनी, डोळ्यांत काजळ पसरलेलं. शिपाई खुशीत होता. "बघा, फोटो बघितला आणि लगेच ओळखली मी."

मालूने फोटोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. शिपायाचं काही चुकलं नव्हतं. त्या फोटोतलं मूल खरंच सापडलं होतं.

धाकू भिंतीला टेकून खाली बसला. मुलीने मालूच्या लुगड्याचा सोगा धरला आणि सोडेना. मग मालू बसून राहिली तिला मांडीवर घेऊन, तिचा बाप धापा टाकत येईपर्यंत. बाप मालूच्या पाया पडला. दुसऱ्याचं लेकरू मालूच्या फोटोने घरी गेलं. ते जाताना मालूने त्याची रिबीन नीट बांधून दिली आणि तशीच थेट कळव्याच्या नाक्यावर पंढरीकडे आली, धाकू मागोमाग.

पंढरी गिऱ्हाइकाचा भांग पाडत होता. मालूने पिशवीतला फोटो काढून काउंटरवर आपटला. तोवर तिच्या घशात थोडा आवाज परत आला होता, खरवडल्यासारखा.

"सुधार याला."

"अजून काय सुधारायचं, वहिनी? यासारखं काम ठाण्यात कोणी करून दाखवावं."

"मंग बिघडव. जसा होता तसा कर. माजा डाग मना परत दे."

पंढरीला ते लागलं. "माझ्या हातचं काम मी पुसू? एका गालाला अख्खी दुपार घालवली मी."

"तुजी दुपार गेली. माजा पोऱ्या गेला." मालूने डोक्यावरची चुंबळ काढली, फोटो काढायच्या मखमली खुर्चीवर ठेवली आणि वर स्वतः बसली. "डाग दिल्याशिवाय उठनार नाय. तुजं दुसरं गिऱ्हाईक येऊ दे, त्याला सांगते मी, हितं फोटो काढलास की पोर हरवतं."

ज्याचा भांग पाडणं चाललं होतं तो माणूस हळूच उठून गेला.

पंढरीने आतून निगेटिव्ह शोधून आणली. उजेडाच्या काचेवर ठेवली. कापसाला स्पिरिट लावलं आणि गालावर फिरवलं. पेन्सिलीचा थर कापसावर आला. पुन्हा छापून त्याने ओला कागद चिमट्यात धरून बाहेर आणला, तेव्हा डाव्या गालावर डाग होता. चिंचोक्याएवढा, कानाकडे निमुळता. मालूने त्यावर बोट ठेवलं. "पुसू नका अजून, ओला आहे," पंढरी म्हणाला, आणि मग त्यालाच काहीतरी झालं. त्याने कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली.

आता केस. गजरा, डूल, उजव्या गालाची तीट. हे तो छापलेल्या कागदावर ब्रशने घालवू शकत होता. तीट घालवली. लाली घालवली. वेण्यांवरून हात फिरवला आणि थांबला. "कान कसे आहेत त्याचे?"

कोणालाच सांगता येईना. पाच वर्षं केसांखाली होते ते कान. उघडे पडले ते चैत्रानंतर, आणि तेव्हा त्यांच्याकडे कोण बघत बसलंय? मालूला त्याच्या मानेवरचा तीळ आठवत होता, पायाच्या करंगळीचं वाकडं नख आठवत होतं. कान आठवेनात. तिने डोळे मिटले, कपाळावर मूठ मारली, तरी आठवेनात.

"बापावर गेलेत," शेवटी ती म्हणाली. "सासू म्हनायची, कान धाकूचे."

मग धाकूला त्या स्टुलावर बसवलं. ज्या स्टुलावर जगन बसला होता त्याच. डोक्याचा रुमाल काढायला लावला. पंढरी धाकूचे कान बघायचा आणि पोराच्या तोंडाला लावायचा. धाकू सरळ बसला होता, हात गुडघ्यांवर. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पुसत नव्हता, कारण पंढरीने हलू नको म्हणून सांगितलं होतं.

नवा फोटो घेऊन मालू पहिली स्टेशनं पुन्हा फिरली. आंबिवलीला आली. विमलाबाईने तिला ओळखलं, पाण्याचा गडू पुढे केला. मालूने फोटो पुढे केला. गडू विमलाबाईच्या हातातच राहिला.

"हा? अगं, हा तर इथे होता."

"कवा?"

"जत्रेच्या वेळी. म्हणाला, मामाकडे जायचंय. मी म्हटलं मामा येईल न्यायला. दोन दिवस भजी खाऊन राहिला." विमलाबाई बोलता बोलता हळू झाली. "तू आलीस ना, तेव्हा... तेव्हा मागे गोणपाटावर झोपला होता. तू पोरीचा फोटो दाखवलास गं. मला काय माहीत?"

मालू त्या बाकड्याकडे बघत राहिली. त्याच बाकड्यावर बसून ती पाणी प्यायली होती. आवाज असता, तिसऱ्या मजल्यावरच्या मांजराला उठवणारा तो आवाज त्या दिवशी घशात असता, तर नुसत्या खाकरण्याने पोर उठून आलं असतं.

"मंग कुटं गेला?"

"एक बाई घेऊन गेली. टापटीप होती. म्हणाली, माझ्या भावाचा मुलगा. हा पण तिचा हात धरून गेला. कसाऱ्याच्या गाडीत बसली."

मालू कसाऱ्यापर्यंत प्रत्येक स्टेशनावर उतरली. नंतर पुढे इगतपुरी, नाशिक. त्या बाईचा फोटो कोणाकडेच नव्हता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. सरकारी कागदावर संपलीच. वाड्यातल्या लोकांसाठीही संपली. मालूसाठी मात्र पुढच्या वर्षी नवरात्र आलं आणि ती फोटो घेऊन पंढरीच्या दारात उभी राहिली.

"आता सहाचा झाला असंल. समोरचे दात पडले असतील."

पंढरीने फोटो हातात घेतला, ब्रश घेतला.

मग दर नवरात्रात हेच, आणि वर्षभर फोटो पुन्हा भिंतीवर. पोर कागदावर वाढायला लागलं. दात पडले, नवे आले. गाल उतरले, नाक वर आलं. पंढरी विचारायचा, हनुवटी कोणाची घेऊ? मालू भावाला घेऊन यायची, स्टुलावर बसवायची. शेजारचा गणू जगनच्याच वयाचा. मालू त्याच्याकडे असं बघायची, जसं बाजारात घेणारी मासा बघते. मान केवढी लांब झाली, कंठ फुटला का, ओठावर मिसरूड आली का. गणूच्या आईने एकदा तोंडावर सांगितलं, "मालू, तुझं गेलं म्हणून माझ्याला नजर लावू नको." मालू उलट बोलली नाही. तिच्या सबंध आयुष्यात ती उलट बोलली नाही असं बहुधा हे एकदाच झालं. पण बघणं तिने सोडलं नाही. लपून बघायला लागली.

खाडीत मासळी कमी झाली. पाण्यावर कारखान्यांचा रंग यायला लागला, कधी तांबडा, कधी हिरवा. धाकूने होडी विकली आणि एका कंपनीच्या गेटवर खुर्ची टाकून बसायला लागला. रखमाबाई गेली. तिच्या फोटोला हार घातला. त्या साली सर्वपित्रीला मालू पाटी रिकामी करून घरी आली तर भिंतीवर दोन हार. एक सासूच्या फोटोला, एक जगनच्या.

धाकू खाली बसला होता, मान खाली घालून. "मालू, किती दिवस? त्याला पन पान वाढू आज. सुटूदे त्याला. सुटूदे मना पन."

मालू स्टुलावर चढली, पोराच्या फोटोवरचा हार काढला, बाहेर गेली आणि खाडीत फेकला. परत येऊन फोटो भिंतीवरून उतरवला. "भिताडावर आता टांगनारच नाय. भिताडावर मेलेली असतात. हा माज्या पिशवीत राहील." धाकूला तिने शिवी दिली नाही, मारलं नाही. त्याच्यापुढे ताट ठेवलं. तो जेवला. त्यानंतर मरेपर्यंत त्याने तिच्याशी जगनचा विषय काढला नाही, आणि रोज कामाला जाताना तिच्या पिशवीला हात लावून जायचा.

अठ्ठ्याण्णव साली पंढरीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. तो म्हणाला, "वहिनी, माझा हात आता कोणाचं तोंड बिघडवेल. डोंबिवलीत कॉम्प्युटरवर करतात. वीस वर्षांचा करून देतील, तासाभरात."

मालू डोंबिवलीला गेली. थंडगार खोली, चपला बाहेर काढायच्या. एक शिकलेला पोरगा खुर्चीत गरगर फिरत होता. त्याने जुना फोटो यंत्रात घातला, काचेवर आणला, आणि मालूच्या डोळ्यांदेखत जबडा रुंद केला, मिशी आणली, खांदे आणले. मालू पदराची गाठ घट्ट धरून बघत होती. पंधरा वर्षांत पोर असं समोर आलं नव्हतं. तिच्या ओठांवर हाक आली होती.

"मावशी, घ्या तुमचा हिरो." पोरग्याने छापलेला कागद पुढे केला. "आणि तो गालावर डाग होता ना खराब, तो पण काढून टाकला. त्याचे पैसे नाही घेणार."

मालूने कागद बघितला. डावा गाल लोण्यासारखा.

त्या खोलीत काय झालं ते डोंबिवलीत अजून सांगतात. वर्तकनगरच्या मांजरांना उठवणारा आवाज त्या दिवशी सगळाच्या सगळा परत आला. पोरगा बिचारा पांढराफटक पडला. सॉरी मावशी, सॉरी मावशी करत त्याने डाग परत आणला. काळा, गोल, तिळासारखा, सिनेमातल्या माणसाच्या गालावर असतो तसा. मालू म्हणाली, असा नव्हता, कानाकडं निमुळता होता. त्याने ताणला. मालू म्हणाली, असाबी नाय. त्याने पुन्हा केला. मग मालूने त्याचा हात धरला. हळूच धरला.

"ऱ्हाऊदे. तू तो गाल कोरा ठेव. मी करते."

त्या चेहऱ्याच्या झेरॉक्स काढल्या. मालू रोज संध्याकाळी पाटी धुऊन झाली की दारात बसते. पुढ्यात काजळाची डबी, हातात काडेपेटीची काडी. एकेका कागदावर वाकते आणि डाव्या गालावर डाग काढते, चिंचोक्यासारखा, कानाकडे निमुळता. तिच्या हाताला तो आकार पाठ आहे. सासूने एका गालाला काजळ लावलं आणि पोर लपलं, आता ती दुसऱ्या गालाला काजळ लावते, पोर दिसावं म्हणून. डोळे अधू झालेत तरी एकही डाग चुकत नाही. मग ते कागद ती स्टेशनांच्या भिंतींवर स्वतःच्या हाताने चिकटवते, खळ लावून. दुसऱ्या दिवशी त्यावर कोणीतरी मूळव्याधीची जाहिरात चिकटवतो किंवा साहेबांच्या वाढदिवसाची.

म्हणून हे सगळं सांगितलं. कळव्यापासून कसाऱ्यापर्यंत कुठल्याही भिंतीवर तो काजळाचा डाग दिसला तर त्यावर दुसरा कागद चिकटवू नका, आणि चिकटवणाऱ्याचा हात धरा. तो चेहरा तसाच असेल असं नाही. नाक पंढरीचं, जबडा कॉम्प्युटरचा, कान बापाचे. त्यातलं खरं एवढंच आहे, जे मालूने काडीने काढलंय. तेव्हा विशीतला एखादा मुलगा भेटला, लहानपणीचं काही नीट न आठवणारा, तर त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका. त्याचा डावा गाल बघा, त्याचा डावा, म्हणजे समोर उभं राहिलात तर तुमच्या उजव्या हाताचा. आणि तिथे डाग असेल, कानाकडे निमुळता, तर त्याला तिथेच बसवा, हलू देऊ नका, आणि कळव्याच्या कोळीवाड्यात येऊन मालूला हाक मारा. जोरात मारा.